बीसी ५४७ मिळाला नाही तर?

मराठवाड्यात शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून विहिरीवरच्या, बोअरवरच्या मोटारींना ‘ऑटो’ बसवलेला असतो. लाइट आली की थोडा वेळ थांबून तो आपोआप मोटार चालू करतो. हा ऑटो रुसला की बोर्ड उघडणाऱ्याला बरेचदा असं दिसतं की रिले (कॉइलमधून प्रवाह गेला की ओढला जाणारा विजेचा स्विच) ठीक आहे, वायरी ठीक आहेत, पण रिलेला चालवणारा तीन पायांचा काळा ट्रान्झिस्टर, बहुधा बीसी ५४७, गेलेला आहे. वस्तू दोन-चार रुपयांची. तालुक्याच्या दुकानात नेमका तोच नंबर नसतो आणि तेवढ्यासाठी माणूस लातूर नाहीतर संभाजीनगर गाठतो. तोवर पिकाची पाळी चुकते. ही खेप बहुतेक वेळा टाळता येते, कारण अशा छोट्या ट्रान्झिस्टरच्या बाबतीत नंबरापेक्षा तो त्या जागी काय काम करतोय हे जास्त महत्त्वाचं असतं.

त्याचं काम असं. त्याच्या तीन पायांची नावं बेस, एमिटर आणि कलेक्टर. बेस आणि एमिटर यांच्यात थोडासा प्रवाह सोडला की कलेक्टरमधून त्याच्या कित्येक पट प्रवाह वाहू लागतो. ही पट म्हणजे गेन. मीटरवर ती ‘एचएफई’ या नावाने दिसते. ट्रान्झिस्टरच्या दोन जाती असतात. एनपीएन जातीत बेसला एमिटरपेक्षा साधारण ०.७ व्होल्ट जास्त द्यावे लागतात, पीएनपीत तेवढेच कमी. ही जात चुकली तर बाकी सगळं जुळूनही उपयोग नाही. एनपीएन बीसी ५४७ च्या जागी पीएनपी बीसी ५५७ कधीही लावू नये, दोन्ही दिसायला अगदी सारखे असले तरी.

आता आपल्या ऑटोचा हिशोब करू. १२ व्होल्टच्या छोट्या रिलेच्या कॉइलचा रोध ४०० ओहम असेल, तर तिला ३० मिलिअँपिअर लागतात. बीसी ५४७ ची मर्यादा ४५ व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअर आहे, म्हणजे त्याच्या ताकदीचा तिसरा हिस्सासुद्धा इथे लागत नाही. या जागी बीसी ५४६, बीसी ५४८, बीसी ३३७, २एन ३९०४, २एन २२२२, जपानी सी ९४५ किंवा सी १८१५, यातला जो हाताशी असेल तो चालेल. कॉइल १२० ओहमची निघाली तर मात्र प्रवाह थेट १०० मिलिअँपिअरवर जातो. तिथे बीसी ५४७ मूळचाच काठावर चालत असतो. बदलायचाच आहे तर बीसी ३३७ किंवा २एन २२२२ लावावा.

गेनचं अक्षर कुठे पाहायचं, कुठे सोडून द्यायचं, हेही कामावरच ठरतं. बीसी ५४७ च्या पुढे ए असेल तर गेन ११० ते २२०, बी असेल तर २०० ते ४५०, सी असेल तर ४२० ते ८००. रिलेसाठी या भेदाने काही बिघडत नाही, कारण चांगल्या बोर्डात बेसला मुळातच कलेक्टरच्या दहाव्या हिश्श्याएवढा प्रवाह दिलेला असतो. टाकीतल्या पाण्याच्या अलार्ममध्ये गोष्ट वेगळी. तिथे बेसला मिळणारा प्रवाह पाण्यातून येतो आणि तो फार थोडा असतो, तेव्हा सी गटाचाच ट्रान्झिस्टर शोधावा.

जुन्या रेडिओत मात्र सांभाळून. १९४७ च्या डिसेंबरात बेल लॅबमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी चालवून दाखवलेला पहिला ट्रान्झिस्टर आजच्यासारखा सिलिकॉनचा नव्हे, तर जर्मेनियमचा होता आणि पुढे बरीच वर्षं रेडिओतही तेच असत. घरात आकाशवाणी परभणी लावणारा आजोबांचा संच असेल, तर त्यात एसी १२८ सारखा नंबर सापडू शकतो. युरोपीय पद्धतीत पहिलं अक्षर ए म्हणजे जर्मेनियम, बी म्हणजे सिलिकॉन. जर्मेनियमला ०.२ ते ०.३ व्होल्ट पुरतात. त्या जागी सिलिकॉनचा बसवला तर तो नीट चालूच होत नाही आणि आवाज फाटतो. जपानी भागांवर सुरुवातीचं ‘२एस’ छापत नाहीत, म्हणून ‘सी ९४५’ म्हणजे २एससी ९४५. आपल्याकडच्या जुन्या बोर्डांवर धातूच्या टोपीचे एसएल १०० (एनपीएन) आणि एसके १०० (पीएनपी) अजून भेटतात. टोपीच्या कडेला जे छोटं टोक असतं, त्याच्या जवळचा पाय एमिटर. टोपी स्वतः कलेक्टरला जोडलेली असते, त्यामुळे ती दुसऱ्या कशाला टेकू देऊ नये.

नंबर पुसला गेला असला तरी ट्रान्झिस्टर ओळखता येतो. तो आधी बोर्डातून काढावा, कारण बोर्डात असताना शेजारचे रोध मीटरला फसवतात. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवायचं. लाल प्रोब ज्या पायावर स्थिर ठेवल्यावर उरलेल्या दोन्ही पायांवर ०.६ ते ०.७ दिसतं, तो पाय बेस आणि ट्रान्झिस्टर एनपीएन. काळा प्रोब स्थिर ठेवून तसं दिसलं तर पीएनपी. उरलेल्या दोन पायांमध्ये कुठल्याही बाजूने काही दिसता कामा नये; बीप आला तर तो शॉर्ट आहे, फेकून द्या. दोन आकड्यांत जो किंचित मोठा, तो पाय एमिटर. फरक काही मिलिव्होल्टचाच असतो, पण एमिटरमध्ये अशुद्धी खूप जास्त मिसळलेली असल्यामुळे तो बहुधा दिसतोच. काट्याचं जुनं मीटर वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: ओहमच्या रेंजवर त्याचा काळा प्रोब धन असतो, त्यामुळे सगळं उलटं वाचावं लागतं. आयटीआयच्या मुलांचा गोंधळ बरेचदा इथेच होतो. एचएफई मोजताना ट्रान्झिस्टर बोटांत धरून ठेवू नका, ऊबेने आकडा चढत जातो.

पर्याय लावताना सर्वांत जास्त चुका पायांच्या क्रमात होतात. चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी ५४७ आणि बीसी ३३७ मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन ३९०४ मध्ये एमिटर, बेस, कलेक्टर, म्हणजे उलटा फिरवून बसवला की झालं. सी ९४५ आणि सी १८१५ मध्ये एमिटर, कलेक्टर, बेस. बेस कडेला असल्यामुळे पाय वळवून त्यावर स्लीव्ह (प्लास्टिकची बारीक नळी) चढवावी लागते. कलेक्टर-एमिटर उलटे लागले तरी कधीकधी रिले ओढली जाते, आणि हाच धोका आहे. बेस आणि एमिटर यांच्यामधला सांधा उलट्या दिशेने पाच-सहा व्होल्टच सहन करतो. १२ व्होल्टच्या बोर्डावर तो रोज मार खातो आणि काही दिवसांत ट्रान्झिस्टर पुन्हा जातो.

पुन्हा जाण्याचं दुसरं कारण म्हणजे कॉइलला समांतर असलेला डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), बहुधा १एन ४००७, खराब झालेला असणं. रिले सुटताना कॉइल उलटा, मोठा व्होल्टेज फेकते आणि तो हा डायोड गिळतो. ट्रान्झिस्टर गेला असेल तर हा तपासल्याशिवाय नवा लावू नये.

आता आपल्या उन्हाचा हिशोब. पूर्ण चालू असलेल्या ट्रान्झिस्टरवर जेमतेम ०.२ व्होल्ट उरतात, त्यामुळे तो तापत नाही. बेसचा प्रवाह कमी पडून तो अर्धवट चालू राहिला, तर १२० ओहमच्या कॉइलबरोबर त्याच्यावर ६ व्होल्ट आणि त्याच्यातून ५० मिलिअँपिअर, म्हणजे ३०० मिलिवॉट. अशा छोट्या प्लास्टिकच्या ट्रान्झिस्टरमध्ये दर वॉटला आतलं तापमान साधारण २०० अंशांनी चढतं, तेव्हा ही वाढ झाली ६० अंशांची. मे महिन्यात उन्हात तापलेली पत्र्याची पेटी आतून ६० अंशांवर असेल, तर ट्रान्झिस्टरच्या आतली सिलिकॉनची चकती १२० वर जाते. मर्यादा १५० ची. थंडीत सुरळीत चालणारा ऑटो उन्हाळ्यात दगा देतो, त्यामागे हे एक कारण असू शकतं.

पेटीत ४१५ व्होल्ट असतात हे पाय बदलण्याआधीच लक्षात असू द्या. काही ऑटोंमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, कपॅसिटरवरच १२ व्होल्ट काढलेले असतात, आणि अशा बोर्डाच्या १२ व्होल्टच्या बाजूलाही शॉक बसतो. मेन स्विच पाडूनच बोर्ड काढा आणि घरी आणून बॅटरीवर किंवा १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर तपासा. रिले ओढलेली असताना कलेक्टर-एमिटरमध्ये ०.१ ते ०.३ व्होल्ट दिसले आणि सुटलेली असताना पूर्ण १२ दिसले, तर ट्रान्झिस्टर बरोबर बसला. मधला, चार-सहा व्होल्टचा आकडा आला तर बेसचा रोध तपासा. जुन्या बोर्डांत तोच वाढलेला असू शकतो.