पडद्यावर रचलेला ठोकळा

१ ४ ० ० ० १ ० ० ० १ ० ० ० १ ३००१.डॅट

ही ओळ म्हणजे लेगोचा एक लाल ठोकळा. दोन बाय चार, वर आठ खुंट्या असलेला, सगळ्यांच्या ओळखीचा तो. सुरुवातीचा १ सांगतो की इथे एक तुकडा ठेवायचा आहे. ४ म्हणजे लाल रंग. पुढची तीन शून्यं ही त्याची जागा. मग येतात नऊ आकडे, तुकडा कसा वळवायचा ते सांगणारे. इथे तो सरळच आहे. शेवटी त्या तुकड्याच्या फाइलचं नाव. साध्या नोटपॅडमध्ये ही ओळ इंग्रजी आकड्या-अक्षरांत टाइप केली, फाइल साठवली आणि एल-ड्रॉ, म्हणजे संगणकावर लेगोची मॉडेलं रचायची पद्धत, तिचं स्वरूप वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली की ठोकळा समोर हजर. मी पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा लगेच खाली दुसरी ओळ लिहिली, जागेच्या मधल्या शून्याऐवजी उणे २४ घातले, आणि दुसरा ठोकळा पहिल्यावर नेमका जाऊन बसला. केसाएवढीही फट नाही.

आता २४ च का? त्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या लेगो कंपनीने आजच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला. वर खुंट्या आणि पोटात नळ्या, ही त्यातली खरी कल्पना. नळ्यांमुळे खालच्या ठोकळ्याच्या खुंट्या घट्ट धरल्या जातात. मापंही तेव्हापासून तीच आहेत. एका खुंटीच्या मध्यापासून शेजारच्या खुंटीच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची, खुंटी सोडून, ९.६ मिलिमीटर. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पातळ प्लेट आली, ती ठोकळ्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर. खुंटीचा व्यास ४.८. हे आकडे एकाखाली एक लिहून पाहा, सगळ्यांना १.६ ने नि:शेष भाग जातो.

या मापांत एक अडचणही आहे. एका खुंटीच्या ठोकळ्याची रुंदी आणि उंची यांचं प्रमाण ५ ला ६ पडतं, त्यामुळे तो घन होत नाही. लेगोचे तेव्हाचे प्रमुख गोडफ्रेड कर्क क्रिस्तियानसेन यांना स्वतःच्या घराचा आराखडा ठोकळ्यांत मांडताना हेच खटकलं, आणि त्यातून १९६३ मध्ये वास्तुरचनाकारांसाठी मोड्युलेक्स नावाचे वेगळे, ५ मिलिमीटर मापाचे छोटे ठोकळे निघाले. आधी लहान प्रमाणात मांडून पाहावं, मग खरं बांधावं, ही निकड संगणकाच्याही आधीची आहे ती अशी.

पण त्याच प्रमाणाने एक सुंदर गोष्टही दिली. पाच प्लेटा एकावर एक रचल्या की १६ मिलिमीटर होतात, म्हणजे बरोबर दोन खुंट्यांची रुंदी. याच हिशेबावर तुकडे आडवे करून, खुंट्या बाजूला वळवून रचण्याची सगळी कला उभी आहे.

१९९५ मध्ये जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवर चालणारे दोन प्रोग्रॅम लिहिले. एल-ड्रॉ मॉडेलचं चित्र काढायचा आणि एल-एडिटमध्ये मॉडेल रचता यायचं. त्याने अंतर मिलिमीटरमध्ये मोजलंच नाही. स्वतःचं एक एकक धरलं, साधारण ०.४ मिलिमीटरचं. त्या एककात एका खुंटीच्या ठोकळ्याची रुंदी २० आली, उंची २४, प्लेट ८, खुंटीचा व्यास १२ आणि खुंटीची उंची ४. सगळे पूर्णांक, दशांशचिन्ह कुठेही नाही. पाच प्लेटा म्हणजे ४०, दोन खुंट्या म्हणजेही ४०. उभा अक्ष त्याने खालच्या दिशेने वाढता धरला, संगणकाच्या पडद्यावरचे ठिपके वरून खाली मोजतात तसा, म्हणून वर चढायचं तर उणे. या एका निवडीमुळे कुणीही कागद-पेन्सिल घेऊन, डोक्यात बेरीज करत मॉडेल लिहू शकत होता. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच माप.

दुसरी निवड साध्या मजकुराच्या फाइलची. तुकड्याची फाइल आणि मॉडेलची फाइल यांचं व्याकरण एकच. ओळीच्या सुरुवातीला ० असेल तर ती टीप किंवा सूचना, १ असेल तर दुसरी फाइल इथे आणून ठेवा, २ म्हणजे रेघ, ३ म्हणजे त्रिकोण, ४ म्हणजे चौकोन, ५ म्हणजे ठरावीक कोनातूनच दिसणारी कडा. खुंटी एकदाच काढून ठेवायची आणि हव्या त्या तुकड्यात आठ वेळा, सोळा वेळा बोलवायची. मूळ रंगांचे क्रमांकही डॉसच्या सोळा रंगांवरून आलेले आहेत: काळा ०, निळा १, लाल ४, पिवळा १४, पांढरा १५.

जेसिमन १९९७ मध्ये वारला. वय अवघं सव्वीस. प्रोग्रॅम लिहिणारा गेला की त्याचं काम तिथेच थांबतं, असं बहुतेक वेळा होतं. इथे तसं झालं नाही, कारण नवा तुकडा जोडायला मूळ प्रोग्रॅमला हात लावावा लागत नव्हता. लोकांनी व्हर्निअर कॅलिपर घेतले, घरचे तुकडे मोजले आणि फाइली लिहायला घेतल्या. एखादं बिजागर, घोड्याचं खोगीर, विंडस्क्रीनचा वळणदार काच-तुकडा, प्रत्येक कुणीतरी हाताने मोजून त्रिकोण-चौकोनांत बसवलेला. पाठवलेला तुकडा इतर जाणकार तपासतात, चुका दाखवतात, मंजूर झाला तरच तो अधिकृत संग्रहात जातो. हजारो तुकडे असे जमले आहेत. मूळ प्रोग्रॅमच्या जागी विंडोजवर एमएलकॅड आला, शिवाय लिओकॅड, मॅकवर ब्रिकस्मिथ. पाहण्यासाठी वेगळे, बांधणीच्या सूचनांची पानं पाडण्यासाठी वेगळे प्रोग्रॅम झाले. फाइलचं स्वरूप मात्र शेवटी तेच राहिलं.

खुद्द लेगोचा लेगो डिजिटल डिझायनर या सुमारास, दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत आला. तो वापरायला कितीतरी सोपा होता. तुकडा जवळ नेला की खुंटीवर आपसूक बसायचा, आणि एकात एक घुसू द्यायचा नाही. २००५ पासून लेगो फॅक्टरी या सेवेतून आपण रचलेलं मॉडेल खऱ्या तुकड्यांच्या रूपात मागवता येऊ लागलं. पुढे तिचं नाव डिझाइन बाय मी झालं आणि जानेवारी २०१२ मध्ये ती बंद पडली. तुकड्यांचा संग्रह कंपनीच्याच हातात असल्यामुळे, २०१६ मध्ये कंपनीने या प्रोग्रॅमवरचं काम आवरतं घेतलं तेव्हा नव्या तुकड्यांची वाटही बंद झाली. सोपेपणाच्या बदल्यात ही मोठी किंमत होती, असं माझं मत आहे.

एल-ड्रॉची बाजूही पुरी निर्दोष नाही. तिथे तुकडा म्हणजे फक्त आकडे. दोन तुकडे एकमेकांत घुसवा, हवेत लटकवा, फाइल काहीच म्हणत नाही. माझा एक मनोरा पडद्यावर महिनाभर दिमाखात उभा होता. खरे तुकडे घेऊन बसलो तेव्हा कळलं की वरचा अख्खा मजला ८ एककं, म्हणजे एका प्लेटेएवढा अधांतरी आहे. कमी तुकड्यांत किती शक्यता दडलेल्या असतात पाहा: एकाच रंगाचे दोन बाय चारचे सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, हे कोपनहेगन विद्यापीठातल्या गणितींनी संगणकावर मोजून काढलं. त्यातले उभे राहणारे किती, हा प्रश्न निराळाच.

रंगांचीही एक कथा आहे. २००४ च्या सुमारास लेगोने आपले दोन्ही करडे रंग बदलले, त्यांत निळसर झाक आली. जुना करडा आणि नवा करडा शेजारी ठेवले की भिंतीवर ठिगळ दिसतं. संग्रहात म्हणून जुन्यांचे क्रमांक ७ आणि ८ तसेच राहिले, नव्यांना ७१ आणि ७२ मिळाले. नव्वदच्या दशकातली फाइल आज उघडली तरी तिचा किल्ला त्याच जुन्या करड्या रंगात दिसतो.

सुट्या तुकड्यांची खरेदी-विक्री जिथे चालते ती ब्रिकलिंक बाजारपेठ २००० मध्ये सुरू झाली होती. तिनेच स्टुडिओ हा प्रोग्रॅम काढला. त्यात आधार घेतला तो एल-ड्रॉच्या तुकड्यांचा. मॉडेल कुठे डळमळेल, एखादा तुकडा त्या रंगात मिळतो की नाही, हे तो सांगतो, आणि लागणाऱ्या तुकड्यांची यादी थेट खरेदीला देतो. २०१९ मध्ये लेगोने ब्रिकलिंक विकत घेतलं, आणि २०२२ च्या सुरुवातीला स्वतःचा डिजिटल डिझायनर मागे घेऊन स्टुडिओच पुढे केला. हौशी लोकांनी कॅलिपरने मोजलेले तुकडे असे फिरून कंपनीच्या दारात पोचले.

एल-ड्रॉच्या संग्रहातली ३००१ क्रमांकाची फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर वर काही ओळी शून्याने सुरू होतात. पहिल्या ओळीत तुकड्याचं वर्णन आहे, दोन बाय चारचा ठोकळा. त्याखाली फाइलचं नाव. आणि त्याच्याखाली लेखक: जेम्स जेसिमन.