लेसोथोतील परदेशी नोकरदारांची पार्श्वभूमी

लेसोथो हे चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेले लहानसे डोंगराळ राज्य आहे. तेथे नोकरीसाठी जाणाऱ्या परदेशी माणसाला कामाचा परवाना सहजासहजी का मिळत नाही, हे समजण्यासाठी त्या देशातून बाहेर गेलेल्या मजुरांचा इतिहास पाहावा लागतो.

एकोणिसाव्या शतकात बोअर (मुख्यतः डच वंशाच्या) वसाहतवाल्यांशी झालेल्या लढायांत बासोथो लोकांनी, म्हणजे लेसोथोच्या रहिवाशांनी, कॅलेडन नदीच्या पश्चिमेची सुपीक जमीन गमावली आणि राजा पहिला मोश्वेश्वे याने १८६८ मध्ये ब्रिटिशांचे संरक्षण स्वीकारले. राज्य टिकले, धान्याचे कोठार मात्र गेले. त्यात प्रत्येक झोपडीमागे रोख कर लागू झाल्यामुळे पुरुषांना दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीच्या हिऱ्यांच्या आणि १८८६ नंतर विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींची वाट धरावी लागली. ४ ऑक्टोबर १९६६ रोजी स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही हा ओघ थांबला नाही. उलट १९७४ च्या कायद्याने खाणकामगाराच्या वेतनातील ६० टक्के हिस्सा मायदेशातील बँकेत जमा करणे सक्तीचे केले.

बाहेरून आलेल्यांची परंपराही जुनी आहे. १८३३ मध्ये फ्रेंच प्रोटेस्टंट मिशनरी लेसोथोतील मोरिजा येथे स्थिरावले, तर तेथील रोमा गावी १९४५ मध्ये कॅथलिक चर्चने काढलेल्या महाविद्यालयातून पुढे राष्ट्रीय विद्यापीठ उभे राहिले. भारतीयांची वाट अधिक अवघड होती, कारण शेजारच्या ऑरेंज फ्री स्टेटने (हा पुढे दक्षिण आफ्रिकेचा प्रांत झाला) १८९१ मध्ये त्यांच्या वास्तव्यावर घातलेली बंदी १९८६ पर्यंत टिकली; तरीही उत्तरेकडील बुथा-बुथे भागात भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांनी जम बसवला. दक्षिण आफ्रिकेला पाणी पुरवण्याचा करार १९८६ मध्येच झाला आणि १८५ मीटर उंचीच्या कात्से धरणाच्या बांधकामासाठी परदेशी अभियंते डोंगरात आले. कापड कारखान्यांबरोबर तैवानी व्यवस्थापक आले, आणि २००१ पासून भारतीय लष्कराचे प्रशिक्षण पथकही तेथे काम करू लागले.

दरम्यान १९९० च्या दशकात सोन्याच्या खाणींत मोठी कामगारकपात होऊन हजारो बासोथो पुरुष रिकाम्या हाताने घरी परतले. १९९२ च्या कामगार संहितेने परदेशी उमेदवाराला परवाना देण्यापूर्वी त्या पदासाठी योग्य स्थानिक व्यक्ती उपलब्ध नाही याची खात्री करून घेण्याची अट घातली होती; बेकारी वाढल्यावर तिला जे वजन आले, ते केवळ कायद्याच्या शब्दांतून आले नसते, असे मला वाटते.