पत्ते निसटतात तो हात आणि गोळी वळतो तो हात

पंचवटीतल्या आमच्या वाड्याच्या ओट्यावर दुपारी रमीचा डाव बसतो. समोरासमोर माझे मामा आणि शेजारचे अण्णा. दोघांचेही हात हलतात, म्हणून वाड्याने दोघांनाही कंपवात (पार्किन्सन्स) लावून टाकला होता. अण्णांना खरंच कंपवात आहे. मामांना लिव्हर सिरोसिस, तोही दारूचा थेंब न घेता. मधुमेह आणि फॅटी लिव्हरमधून आलेला.

फरक पत्त्यांत दिसतो. अण्णांचा उजवा हात मांडीवर निवांत असतो तेव्हाच अंगठा आणि बोटं गोळी वळावी तशी फिरतात, सेकंदाला 4 ते 6 वेळा. पान उचलायला हात पुढे गेला की थरथर बरीच ओसरते. मामांचा हात मांडीवर शांत. पानं समोर धरली की मनगट अचानक ढिलं पडतं, सावरतं, पुन्हा पडतं. ही खरं तर थरथरच नव्हे, स्नायूंचा ताण क्षणभर सुटतो. डॉक्टर तपासतात तेही असंच : सीबीएसच्या, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या, चौकात ट्रॅफिक पोलीस गाड्या थांबवतो तसे दोन्ही तळवे पुढे धरायला सांगतात. (किडनी निकामी झाली तरी हात असा पडू शकतो.)

कंपवातात मेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं झिजत जातात, सुरुवात बहुधा एका बाजूने. मामांच्या बाबतीत आतड्यातला अमोनिया लिव्हर गाळू शकत नाही, तो मेंदूपर्यंत जातो. म्हणून हाताबरोबर डोकंही धूसर होतं. दिवसा पेंग, रात्री डोळे टक्क. एकदा मामांनी हातातला जोकरच टाकून दिला, आम्ही हसलो. हसायला नको होतं. वर झोप येत नाही म्हणून एका दवाखान्यातून झोपेची गोळी मिळाली आणि मामा दुसऱ्या दिवशी धड बोलेनात. सिरोसिसमध्ये अशा गोळीने, साध्या बद्धकोष्ठाने किंवा जंतुसंसर्गानेही हे बळावतं. लॅक्टुलोज या पोट साफ करणाऱ्या औषधाने दिवसाला दोन-तीनदा पोट साफ होऊ लागलं, तसा चार दिवसांत हात सावरला. कंपवात असा चार दिवसांत मागे हटत नाही.

खरी गफलत पुढे आहे. पित्तावाटे बाहेर पडणारं मँगनीज (एक धातू) सिरोसिसमध्ये मेंदूच्या खोल भागात साठतं, एमआरआयवर तो भाग पांढरा उजळ दिसतो. मग हालचाली मंदावतात, अंग ताठरतं, हुबेहूब कंपवात. पण तो सहसा दोन्ही बाजूंना, काही महिन्यांतच वाढतो, तोल लवकर जातो आणि स्वस्थ हाताची थरथर फारशी नसते. इथे लॅक्टुलोज पुरत नाही. कंपवाताची गोळी कधी गुण देते, कधी नाही. लिव्हर बदलल्यावर काहींना आराम पडतो.

आणि विशीतल्या पोराचे हात हलत असतील, लिव्हरही बिघडलं असेल, तर आधी विल्सनचा आजार तपासून घ्यावा. त्यात शरीरात तांबं साठतं, बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसू शकतं, आणि तांबं बाहेर काढणारी औषधं मिळतात.