कुटुंबवैद्यकातील वाढीव प्रशिक्षण (कॅनडा)

कॅनडात फॅमिली डॉक्टर होण्यासाठी वैद्यकीय पदवीनंतर दोन वर्षांची रेसिडेन्सी (पदव्युत्तर प्रशिक्षण) करावी लागते. त्यापुढे काही महिने ते वर्षभर एखाद्या क्षेत्रात घेतलेल्या शिक्षणाला वाढीव प्रशिक्षण म्हणतात. रेसिडेंट मंडळींच्या बोलण्यात ते नुसतं ‘तिसरं वर्ष’. आपत्कालीन वैद्यक, भूल, वृद्धसेवा, उपशामक सेवा (पॅलिएटिव्ह केअर), व्यसनोपचार, क्रीडावैद्यक, सिझेरियनसारख्या प्रसूतिशस्त्रक्रिया ही त्यातली प्रमुख क्षेत्रं. ‘कॉलेज ऑफ फॅमिली फिजिशियन्स ऑफ कॅनडा’ ही संस्था त्यासाठी वेगळी प्रमाणपत्रं देते.

तिसरं वर्ष का करायचं, याची उत्तरं परस्परविरोधी आहेत. गावाकडे जाणाऱ्याला धास्ती असते ती रात्रीची: इस्पितळात आपण एकटेच, भूल देणारा कुणी नाही, आणि बाळंतिणीला कित्येक किलोमीटरवर हलवायचं. त्याच्यासाठी हे वर्ष म्हणजे हाताशी आलेलं कसब. शहरातल्या अनेकांचं गणित निराळं. क्लिनिकचं भाडं, कर्मचाऱ्यांचे पगार, संध्याकाळी रुग्ण गेल्यावरही न संपणारे तपासण्यांचे अहवाल आणि विम्याचे फॉर्म हे सगळं टाळून ठरावीक पाळीची नोकरी पत्करता येते. आपत्कालीन वैद्यकाचा ‘दोन अधिक एक’ मार्ग म्हणूनच लोकप्रिय आहे. तज्ज्ञ डॉक्टरांना प्रमाणित करणाऱ्या रॉयल कॉलेजची त्याच क्षेत्रातली रेसिडेन्सी पाच वर्षांची असते. दवाखान्याचा व्याप टाळायचा आहे, हे शिकाऊ डॉक्टर उघडपणे कमीच बोलतात, पण टीकाकारांचा मुख्य आक्षेप हाच: कसब वाढतं आणि नेहमीचा दवाखाना मात्र एका डॉक्टराला मुकतो. आक्षेप खरा असला तरी दोष प्रशिक्षणाचा कमी, दवाखान्याच्या अर्थकारणाचा जास्त.

ऐच्छिक वर्ष हवंसं वाटणं आणि सक्तीचं वर्ष मान्य असणं या दोन गोष्टी वेगळ्या. 2022 मध्ये कॉलेज ऑफ फॅमिली फिजिशियन्सने सर्वांचीच रेसिडेन्सी तीन वर्षांची करण्याचा प्रस्ताव मांडला. लांबणीवर पडणारी कमाई, शैक्षणिक कर्ज, डॉक्टरांचा तुटवडा आणि रेसिडेन्सीच्या आधीच रिकाम्या राहणाऱ्या जागा ही विरोधाची कारणं होती. नोव्हेंबर 2023 मध्ये सभासदांनी विरोधात कौल दिला आणि पुढे प्रस्ताव बारगळला.

महाराष्ट्रात एमबीबीएस होताच दवाखाना थाटता येत असल्याने प्रश्न एक पायरी आधीच अडतो: डीएनबी फॅमिली मेडिसिन या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची तीन वर्षं तरी कशाला, असं विद्यार्थी विचारतात.