नळीवर ओला दुपट्टा? खुलासा

नागपुरात मे महिन्यात नेमबाजीच्या सरावाला हमखास मिळणारा सल्ला: रायफलच्या नळीवर ओला दुपट्टा गुंडाळ, नाहीतर नेम चुकतो. अहो, 10 मीटरवरच्या लक्ष्यावर झाडायच्या एअर रायफलीत बारूदच नसते! दाबलेली हवा सुटताना प्रसरण पावते, म्हणजे उलट थंडच होते. नळी तापते ती 45 अंशांच्या उन्हाने. सावलीत ठेवा, झालं.

काडतुसाची रायफल मात्र खरंच तापते, नळीवरून उठणाऱ्या गरम हवेने दुर्बिणीतलं लक्ष्य थरथरतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ओलं फडकं कूलरसारखं काम करतंही. पण पाणी नळीत उतरलं तर गंज. अडून राहिलं नि गोळी झाडली, तर नळी फुगते, फाटूही शकते. त्यापेक्षा रिकामी करून, बोल्ट (नळीचं मागचं टोक बंद करणारा सरकता दांडा) उघडा ठेवून, तोंड वर करून उभी ठेवा. आतून हवा धुराड्यासारखी वर चढते. नागपूरच्या उन्हात वेळ जरा जास्तच लागतो, इतकंच.