ओल कुठे अडवायची: कापडी डायपरची पार्श्वभूमी

आज कापडी डायपर म्हणून जे विकलं जातं, ते दोन कामं करतं: ओल शोषणं आणि ती बाहेर येऊ न देणं. आपल्या बाळोत्याकडे यातलं पहिलंच काम होतं. जुनं धोतर किंवा विरत आलेली सुती साडी फाडायची, चौकोन कोनात दुमडून त्रिकोण करायचा आणि टोकं पोटावर गाठ मारून बांधायची. मेणकापड असे, पण दुपट्याखाली, अंथरुणावर. बाळाच्या अंगाला नाही. त्यामुळे शू झालेली तत्काळ कळे आणि लंगोट बदलला जाई. नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट सहज लागत. पावसाळ्यात ते शेगडीवर पालथ्या घातलेल्या टोपलीवर वाळवत.

जुन्या कापडाचा आग्रह निव्वळ काटकसरीपोटी नव्हता. कोऱ्या सुती कापडात कापसाचं नैसर्गिक मेण आणि वर खळ असते, त्यामुळे पाणी मुरायच्या आधी ओघळतं. वर्षानुवर्षं धुतलेल्या साडीत दोन्ही उरत नाहीत. दुकानातून आणलेलं सुती पॅड, म्हणजे डायपरमधला ओल शोषणारा भाग, पहिल्याच दिवशी गळतं, ते याच कारणाने. वापरण्याआधी ते चार-पाच वेळा धुऊन वाळवावं लागतं. मायक्रोफायबरच्या, म्हणजे अतिबारीक कृत्रिम धाग्याच्या, पॅडला एक धुणं पुरतं, पण ते थेट त्वचेला लावू नये. ओलीबरोबर त्वचेचा ओशटपणाही ते ओढून घेतं.

पाश्चात्त्य घरांत गाठीची जागा पिनेने घेतली. आजच्या रूपातल्या सेफ्टी पिनेचं पेटंट वॉल्टर हंट यांनी 1849 मध्ये न्यूयॉर्कला घेतलं. पुढे लंगोटावरून रबरी चड्डी आली. अंथरूण कोरडं राहिलं, पण हवा कोंडली आणि मांड्यांवर पुरळ येऊ लागलं. 1946 मध्ये मॅरियन डोनोव्हन या अमेरिकी आईने न्हाणीघराचा पडदा कापून कव्हर शिवलं. नंतर त्यासाठी पॅराशूटचं नायलॉन वापरलं आणि पिनेऐवजी चापबटणं लावली. 1951 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. आत साधं कापड, वर वेगळं कव्हर हा ढाचा आजही तोच आहे.

पण बाजी मारली फेकण्याच्या डायपरने. प्रॉक्टर अँड गॅम्बलचं पॅम्पर्स 1961 मध्ये आलं. 1980 च्या दशकात त्या डायपरांत सोडियम पॉलिॲक्रिलेटची, म्हणजे ओल शोषून फुगणारी, भुकटी आली आणि ते बारीक होऊनही रात्रभर टिकू लागले. कचऱ्याचा हिशेब नंतर पुढे आला. आपल्याकडे 2016 च्या घनकचरा नियमांनी वापरलेले डायपर गुंडाळून वेगळे देणं बंधनकारक केलं. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढायला सांगितलं, म्हणजे ती हाताने उघडावी लागू नये. अर्थात कापड आपोआप निर्दोष ठरत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या 2008 च्या अहवालात दोन्ही प्रकारांचा कार्बन भार जवळपास सारखा निघाला: अडीच वर्षांत फेकण्याच्या डायपरांचा सुमारे 550 किलो कार्बन डायऑक्साइडइतका, कापडींचा 570. मशीन भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच डायपर दुसऱ्या बाळाला वापरले, तर कापडींचा भार सुमारे 40 टक्क्यांनी उतरतो. आपल्याकडे दोरी आहेच.

आताच्या कव्हरचं कापड म्हणजे पॉलिएस्टर, आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर. उकळतं पाणी आणि इस्त्री या थराला सोसत नाही. कव्हर सावलीत वाळवावं, पॅड मात्र कडक उन्हात. कोकणातल्या पावसात थरांवर थर शिवलेलं पॅड दोन-दोन दिवस दमट राहतं. एकपदरी चौकोन पंख्याखाली रात्रीत वाळतो. सुरुवातीला असे 24 चौकोन आणि पाच-सहा कव्हरं हा हिशेब आम्हाला महागड्या संचापेक्षा बरा वाटतो. नुसती शू असेल तर कव्हर पुसून पुन्हा वापरता येतं.

गळती झाली की लोक आणखी एक पॅड कोंबतात. त्याने मांडीशी फट पडते आणि गळती वाढते. इलॅस्टिक मांडीवर नव्हे, जांघेच्या घडीत बसलं पाहिजे, पोटाशी दोन बोटं जावीत आणि पॅडची कड कव्हरबाहेर डोकावू नये. घट्ट बसूनही गळत असेल तर पॅडवर पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला, तर रॅशची चिकट मलमं किंवा फॅब्रिक सॉफ्टनर धाग्यावर बसलेलं आहे. सॉफ्टनर बंद करा आणि पॅड नेहमीची पावडर घालून गरम पाण्यात धुवा. शू होताच डोळ्यांत झोंबणारा वास येत असेल, तर दोष बहुधा धुण्याचा असतो: पावडर कमी पडते किंवा नीट खंगाळलं जात नाही. आधी साध्या पाण्यातून काढा, मग पुरेशी पावडर घालून पूर्ण वेळ धुवा आणि फेस पूर्ण निघून जाईपर्यंत खंगाळा. बोअरचं जड पाणी असेल तर पावडर थोडी जास्तच लागते.