मराठवाड्यात पुस्तकांवरच्या गप्पा आल्या कुठून

पुस्तकांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, मराठवाड्यात वाचतंय कोण, दुष्काळी भाग, तिकडं काय पुस्तकं खपणार. खपाचं म्हणाल तर पुण्या-मुंबईची बरोबरी होत नाही, मान्य. पण खप म्हणजे वाचन नव्हे ना. आपल्याकडं पुस्तक विकत घ्यायची सवय उशिरा आली, पण वाचलेलं दहा जणांनी मिळून ऐकायची आणि त्यावर तावातावानं बोलायची सवय फार जुनी आहे, आणि हे असं का झालं ते थोडं मागं गेल्याशिवाय कळत नाही म्हणून हे लिहायलोय.

सुरुवात पोथीपासूनच करावी लागते. पैठणच्या एकनाथ महाराजांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हे काम करायची वेळ का आली, तर नकलून नकलून, ज्याच्या त्याच्या हातून कमीजास्त होऊन मूळ पाठ बिघडला होता. म्हणजे ग्रंथ किती हातांतून फिरत होता बघा. अंबाजोगाईला दासोपंतांनी तर कागद सोडून लांबलचक कापडावर ओव्या लिहिल्या, त्यांची ती पासोडी आजही प्रसिद्ध आहे. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, तेरचे गोरोबाकाका ही सगळी आपल्याच भागातली नावं, आणि त्यांचे अभंग लोकांपर्यंत पोचले ते गळ्यातून.

छापील पोथ्या आल्यावरही ही रीत मोडली नाही. श्रावणात गावोगाव पोथी लागते, अजूनही लागते. जेवणं उरकली की मारुतीच्या देवळात सतरंजी पडते, लाकडी ठवणीवर पोथी, एकजण ओवी वाचणार आणि दुसरा अर्थ सांगणार. वाचणारा जेमतेम शिकलेला असतो, अर्थ सांगणारा कधीकधी शाळेची पायरीही न चढलेला, पण वर्षानुवर्षं ऐकून पांडवप्रताप तोंडपाठ. वाती वळत बसलेली एखादी आजी मधेच विचारते, "पण कुंतीनं कर्णाला आधीच सांगितलं असतं तर?" झालं, वाचन थांबतं आणि अर्धा तास नुसती कुंतीवर चर्चा, कुणी तिची बाजू घेतंय, कुणी म्हणतंय आई म्हणून चुकलंच तिचं, मग कुणीतरी म्हणतं उशीर झाला, पानात तुळशीचं पान ठेवून पोथी रुमालात बांधतात. पुस्तकावर ह्याहून जिवंत चर्चा मला तरी माहीत नाही.

आता निजामाचा काळ. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता हे सगळ्यांना माहीत आहे, पण वाचनावर त्याचा काय परिणाम झाला ह्यावर फार कमी बोललं जातं. सरकारी कामकाज उर्दूत, वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत, 1918 ला निघालेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं. त्यामुळं शिकलेल्या माणसाचा हात उर्दूत चालायचा आणि मन मराठीत. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं तेव्हा मोडीबरोबर उर्दू जाणणारी माणसं शोधावी लागली, ती त्याच काळाची खूण. परभणीचे कवी बी. रघुनाथ (1913–1953) ह्यांची नोकरी निजामाच्याच बांधकाम खात्यात होती, आणि लिहीत होते ते मराठी कविता, कथा, कादंबऱ्या.

इथं एक सांगायलाच पाहिजे, उर्दूनं आपलं नुकसानच केलं असं मी मानत नाही. उर्दू शायर सिराज औरंगाबादी ह्याच मातीतला, आणि मुशायऱ्यात एकेक शेर परत परत म्हणायला लावून ऐकायची जी गोडी इकडच्या माणसाला आहे ती त्या भाषेकडूनच आली. निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींसारखा माणूस फारसी-उर्दूतलं एवढं धन मराठीत आणू शकला ते त्या वातावरणामुळंच. त्रास होता तो सक्तीचा. मराठी पुस्तक शाळेतून मिळायचं नाही, मग ते घरातून, देवळातून नाहीतर वाचनालयातून मिळवावं लागायचं.

आणि म्हणून आपल्याकडं वाचनालय हे नुसतं पुस्तकं ठेवायचं ठिकाण कधीच नव्हतं. परभणीचं गणेश वाचनालय, औरंगाबादचं बळवंत वाचनालय ही नावं जुनी माणसं आजही वेगळ्या आदरानं घेतात. सभा घ्यायची तर परवानगी पाहिजे, गश्ती निशाण 53 नावाचं निजाम सरकारचं फर्मानच होतं तसं, मग चार माणसं एकत्र बसणार कुठं? गणेशोत्सवात, कीर्तनात आणि वाचनालयात. बाहेरून आलेलं वर्तमानपत्र एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, आणि मग त्यावर बोलायचं, हळू आवाजात. 1937 मध्ये आ. कृ. वाघमारे ह्यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक काढलं, त्याच्यावर बंदी आली की ते दुसऱ्या नावानं निघायचं, पुन्हा बंदी, पुन्हा नवं नाव. ज्या भागात पेपर वाचणं हीच जोखीम होती तिथं वाचन हलक्यात घेतलंच जाऊ शकत नव्हतं. निजामाचं राज्य असतानाच, 1943 ला, साहित्य परिषद सुरू झाली, तीच आजची मराठवाडा साहित्य परिषद.

स्वातंत्र्यानंतरची सगळ्यात मोठी घटना माझ्या मते औरंगाबादला घडली, 1950 मध्ये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज निघालं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं 23 ऑगस्ट 1958 ला, म्हणजे त्याच्याही नंतर. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या पुस्तक नव्हतं, किंबहुना ज्यांना पोथी ऐकायलासुद्धा देवळाबाहेर बसावं लागत होतं, अशी पोरं खेड्यापाड्यातून येऊन होस्टेलला राहिली, लायब्ररीत बसली, वाचू लागली आणि वाचता वाचता लिहू लागली. वर पोथीचं एवढं कौतुक केलं, पण त्या सतरंजीवर सगळ्यांना जागा नव्हती, हे विसरून चालणार नाही. ह्याच वातावरणातून प्रा. गंगाधर पानतावणे ह्यांच्या संपादनाखाली आधी 'अस्मिता' आणि मग 'अस्मितादर्श' हे नियतकालिक उभं राहिलं, 1967-68 च्या सुमारास, आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे भरायचे. नावातच बघा, लेखक आणि वाचक एका मांडवात. लेखकानं वर बसायचं आणि वाचकानं खालून टाळ्या वाजवायच्या असला प्रकार नाही, जो आज वाचक तो उद्या लिहिणार हे गृहीतच. दलित साहित्याला जी ताकद मिळाली त्यात ह्या बोलण्याचा वाटा फार मोठा आहे.

तिकडं नांदेडला नरहर कुरुंदकर होते. कुरुंदा गावचे, 1932 चा जन्म, पीपल्स कॉलेजात प्राध्यापक. मनुस्मृती असो, नाट्यशास्त्र असो की संगीत, हा माणूस वाचायचा आणि वाचलेलं लोकांसमोर मांडायचा, व्याख्यानाला गर्दी व्हायची ती विद्वानांचीच असं नाही, दुकानदार, शेतकरी, मास्तर सगळे. 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादला ते गेले तेही कार्यक्रमाच्या मंचावरच. नांदेडकडची जुनी मंडळी आजही एखाद्या पुस्तकाबद्दल बोलताना "गुरुजी ह्यावर काय म्हणाले होते" असं सुरू करतात.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. हैदराबाद राज्यानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1955 ला केला, पण 1956 ला ते राज्यच उरलं नाही, मराठवाडा मुंबई राज्यात आला. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा झाला 1967 ला. त्यातून वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्यानुसार अनुदान आलं, आणि गावात ग्रामपंचायतीच्या एका खोलीत दोन कपाटं आणि चार पेपर तरी दिसू लागले. त्या कपाटातली जुनी कादंबरी काढून शेवटचं कोरं पान बघा कधी. पेन्सिलनं लिहिलेलं असतं, "छान आहे. शेवट पटला नाही." त्याखाली दुसऱ्याच अक्षरात, "मला पटला. परत वाचा." त्याखाली तिसरा. नियमानं पुस्तकावर लिहिणं चूक, पण एकमेकांना कधी न भेटलेली माणसं त्या पानावर बोलत होती.

आज तीच माणसं, किंवा त्यांची पोरं, व्हॉट्सअॅपवर बोलतात. मराठवाड्यातल्या वाचनाच्या ग्रुपवर मला एक गोष्ट फार जाणवते, लोक लिहिण्यापेक्षा व्हॉइस मेसेज जास्त टाकतात, पाच-पाच मिनिटांचे, पुस्तकातला उतारा वाचून दाखवतात आणि मग "मला काय वाटायलंय बघा" म्हणून सुरू होतात. पुण्याकडच्या मित्रांना ते लांबण वाटतं. मला नाही वाटत. पुस्तक मिळवायची रीतही तशीच, कुणाकडं प्रत आहे का विचारायचं, मग ती ट्रॅव्हल्सवाल्याच्या हाती लातूरहून बीडला, बीडहून जालन्याला.

ज्याची खरी काळजी वाटते ते वेगळंच आहे. जुन्या वाचनालयांत आता सकाळी सहाला गर्दी असते ती स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांची, अभ्यासिका म्हणून. त्यांना जागा मिळालीच पाहिजे, घरी दोन खोल्यांत सहा माणसं असताना पोरगं अभ्यास करणार कुठं. पण अभ्यासिकेत बोलायला बंदी असते, आणि बऱ्याच ठिकाणी बसून बोलायची जी एक खोली होती तीच ह्यात गेली. उस्मानाबादला 2020 मध्ये आणि उदगीरला 2022 मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, दोन्हीकडं पुस्तकांच्या स्टॉलवर माणसं होती, वाचक आहे ह्यात शंका नाही. ज्या वाचनालयांत जागा आहे त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ तरी अभ्यासिकेचं दार लावून शेजारच्या खोलीत खुर्च्या मांडाव्यात, पुस्तक कुठलंही चालेल.